कोरा चहा : केव्हा नि कसा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, चूल आणि घर सांभाळणारी बाई. व्याख्यान द्यायचं म्हणजे माझ्या पोटात गोळाच येतो. पण मागच्या बैठकीत मी सहज बोलून गेले, की कोऱ्या चहानं माझं भलंही केलं आणि मला आजारीही पाडलं. चिटणीसबाईंनी तेवढं धरून ठेवलं नि आज मला इथं उभं केलं. तेव्हा गोड मानून घ्या.

माझं माहेर सावंतवाडीकडचं. आमच्याकडे कोरा चहा हाच चहा. आधण ठेवायचं, गुळाचा खडा टाकायचा, दारची गवती चहाची दोन पाती टाकायची, वरून चिमूटभर पूड. दूध होतं थोडं, ते आजोबांना आणि आम्हां पोरांना. आई कोराच प्यायची. "मला दुधाचा आवडत नाही" म्हणायची. खरंच आवडत नव्हता की काय, ते मला स्वतः आई झाल्यावर समजलं.

लग्न होऊन मी या कोल्हापुरात आले. इथं काय, कट्ट्यावर म्हैस उभी करून समोर धार काढून देणारं गाव! नवी नवरी असताना मी पहिल्या दिवशी माझ्यापुरता कोरा चहा केला, तर आत्याबाई कप बघून म्हणाल्या, "अगं, दूध संपलंय व्हय? शेजारच्या बायका काय म्हणतील?" कोरा चहा म्हणजे घरात दूध नाही, नाहीतर कुणाला हगवण लागली आहे, असाच इथला समज. मी तो सोडला तो वीस वर्षं.

पुन्हा सुरू झाला तो माझ्या धाकट्या भावामुळं. तो सैन्यात आहे. तेजपूरला होता तेव्हा सुट्टीवर येताना चहाच्या पुड्या घेऊन आला, एक आसामची, एक दार्जिलिंगची. दूध न घालता पिऊन बघ म्हणाला. आणि खरं सांगते, इतकी वर्षं आपण चहा पितो म्हणजे दूध, साखर आणि आलंच पितो, हे तेव्हा कळलं. आसामचा रंग गडद, चव भरदार, भाजलेल्या धान्याची आठवण होईल अशी. दार्जिलिंगचा फिकट, सोनेरी, आणि वास फुलांचा म्हणावा की फळांचा, असा. मार्च-एप्रिलमधल्या पहिल्या खुडणीचा फार हलका असतो, मे-जूनमधल्या दुसरीला द्राक्षासारखा वास येतो. पुढं निलगिरीचाही मिळाला. तो स्वच्छ नि सुवासिक, गार केला तरी सहसा गढूळ होत नाही, म्हणून उन्हाळ्यात लिंबू पिळून बर्फ घालून प्यायला तोच बरा.

हिरवा चहा आणि हा काळा चहा यांची झाडं वेगळी असतात असं मला वाटायचं. झाड एकच. पान खुडून सुकवतात, चुरगळतात आणि हवेत पसरून ठेवतात. चिरलेलं वांगं जसं काळं पडतं, तसंच ते पान काळं पडतं, मग गरम हवेत वाळवतात. हिरव्याला आधीच आच दाखवतात म्हणून तो हिरवा राहतो. आपली रोजची बारीक दाणेदार पूड ही यंत्रात पान चिरडून केलेली. ती दुधात टिकते, पण कोऱ्यात खळाखळा उकळली की कडूजहर होते. तेव्हा पाणी उकळलं की भांडं खाली उतरवा, मग पूड टाका नि झाकण ठेवा. पुडीला दोन मिनिटं, पानाला तीन-चार, बास. एका कपाला एक लहान चमचा. लिंबू पिळलं की रंग उतरतो, त्याला घाबरू नका. गूळ घालायचा तर कोऱ्यातच सुख आहे, दुधाच्या चहात गुळानं कितीदा नासका चहा झाला असेल, ते तुम्हीच आठवा.

स्वयंपाकातही त्याचा उपयोग आहे. छोले शिजवताना चमचाभर पूड फडक्यात बांधून ती पुरचुंडी पाण्यात सोडायची, म्हणजे पंजाबी लोकांसारखा काळसर रंग येतो. शिजल्यावर काढायला मात्र विसरू नका, आमच्या घरी एकदा ती पुरचुंडी ह्यांच्या पानात गेली. मनुका नि खजूर गरम कोऱ्या चहात तासभर भिजवून केकमध्ये घातले तर फुगून रसदार होतात.

आता मुख्य गोष्ट. भावाच्या पुड्यांबरोबर मी गुणही ऐकले होते. साखर-दूध नाही म्हणजे अंगावर चढत नाही, हे खरंच आहे. ब्रिटनमध्ये सुमारे पाच लाख माणसांची एक पाहणी 2022 साली प्रसिद्ध झाली. तिथं बहुतेक काळाच चहा पितात. रोज दोन किंवा जास्त कप पिणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण न पिणाऱ्यांपेक्षा थोडं कमी दिसलं. दूध घातलं काय नि नाही काय, फरक दिसला नाही. चहामुळंच तसं झालं असं मात्र त्यावरून ठरत नाही. पण मी पडले उत्साही! सकाळी उपाशीपोटी कप, नाश्त्याऐवजी कप, जेवून भांडी घासायच्या आधी कप. भूक मरायची, काम उरकायचं. मला वाटलं, छान चाललंय.

दीड वर्षानं जोतिबाहून परत येताना पायऱ्या चढता चढता डोळ्यांपुढं अंधारी आली नि मी खाली बसले. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ. बाईला बारा तरी हवं. लोहाच्या गोळ्या दिल्या. दोन महिने घेतल्या, तरी आकडा हलेना. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?" मी म्हटलं, "चहाबरोबर." त्यांनी कपाळावर हात मारला.

चहात जो तुरटपणा असतो ना, तो पालेभाजी, नाचणी, कडधान्यातलं लोह पकडून ठेवतो आणि ते अंगी लागू देत नाही. मटणातल्या लोहाला तितका अडथळा होत नाही, पण मटण आपल्या पानात कितीसं येतं, ते आपल्याला ठाऊकच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 साली स्पष्ट सांगितलंय, की जेवणाच्या आधी नि नंतर निदान एक तास चहा-कॉफी नको. 2019 ते 21 च्या सरकारी पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत सत्तावन्नजणींना रक्तक्षय निघाला. म्हणजे या सभागृहात अर्ध्याहून जास्त आपणच असू. सगळा दोष चहाचा नाही बरं का. मागून जेवणं, उरलंसुरलं खाणं, हे मोठं कारण. पण आधीच कमी, त्यात चहानं आणखी वाट अडवली.

मी चहा सोडला नाही. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर, आणि तिच्या आगेमागे दोन तास चहा नाही. सकाळी आधी भाकरी, मग तासानं कप. दुपारी चारला दुसरा. चार महिन्यांनी आकडा अकराच्या वर गेला. गरोदर मुलींनी तर जपूनच प्यावा, कारण झोप उडवणारं द्रव्य यात असतं. वाफाळता घोट घाईनं घशाखाली ढकलायची सवयही सोडा. 65 अंशांहून कढत पेयानं अन्ननलिकेच्या कर्करोगाचा संभव वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2016 मध्ये सांगितलंय.

गेल्या मे महिन्यात आईकडे गेले होते. ती आता पंच्याहत्तरीची. मी तिच्यासाठी दुधाचा चहा केला, चांगला घट्ट. तिनं दोन घोट घेतले नि कप माझ्याकडं सरकवला, "हा तू पी, मला कोराच दे." मग मी दोघींचा कोराच केला, गूळ घालून. पण आधी तिला नाचणीची भाकरी खायला लावली आणि घड्याळ बघत बसले.

तर आज कार्यक्रमानंतर पोहे आहेत. चहाची वेळ मी चिटणीसबाईंना सांगून साडेपाचची करून घेतली आहे. तोवर फुगड्या होऊ द्या.