भूक पोटात नाही, डोक्यात लागते

संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त 26 जानेवारी 2026 रोजी झालेल्या भाषणाचा मजकूर



सांगलीहून साताऱ्यात पाऊल ठेवलं आणि तुम्ही हातावर कंदी पेढा ठेवलात. मी एक खाल्ला, आग्रहाखातर दुसरा खाल्ला, तिसऱ्याला मात्र नको म्हणालो. हे 'नको' कोण म्हणालं? पोट, निग्रह, की आणखी कुणी? आजचा विषय एवढाच आहे.

आपल्याकडे जाड माणसाला सल्ले फुकट मिळतात. इथे सांगतात, रोज अजिंक्यतारा चढ. आमच्याकडे आमराईत फेऱ्या मारायला पाठवतात. सल्ला चांगलाच आहे. पण त्यामागे एक समजूत असते, की हा माणूस आळशी आहे, याचा जिभेवर ताबा नाही. ती समजूत तपासून बघायला हवी.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. शरीरात साठा किती, आत्ता जेवण किती झालं, हे निरोप रक्तातून हार्मोन तिथे पोचवतात. तिथल्या पेशींवर निरोप घेणारी जणू कुलपं असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. योग्य किल्ली बसली तरच निरोप आत जातो.

1994 साली अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन हे चरबीतून निघणारं हार्मोन सापडलं. काही मोजक्या मुलांच्या शरीरात ते जन्मापासून तयारच होत नाही आणि त्यांची भूक कशानेच भागत नाही. त्यांना लेप्टिन टोचल्यावर ती भागली. वाटलं, सापडला उपाय! पण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असतं. निरोप जातो, मेंदू दाद देत नाही.

दुसरी किल्ली आतड्यातली, जीएलपी-1. जेवल्यावर ती सुटते, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि मेंदूला 'आता पुरे' असं कळवते. पण दोन-एक मिनिटांतच ती मोडून जाते. सेमाग्लुटाइड हे औषध म्हणजे तिचीच टिकाऊ नक्कल. आठवड्याला एक इंजेक्शन पुरतं.

2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मधुमेह नसलेल्या लठ्ठ माणसांचं वजन या औषधाने 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के घटलं. ज्यांना औषधाविना नुसतं इंजेक्शन दिलं, त्यांचं अडीच टक्क्यांच्या आतच. आहार-व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना सारखाच होता, बरं का! मग दुसऱ्या गटातली सगळीच माणसं आळशी होती का? आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आलं. म्हणजे निग्रह कमी पडत नव्हता, निरोप कमी पडत होता.

बारीक मंडळींनीही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2 टक्के! नुसतं बघून माणूस कळत नाही, तो असा.

आता सावधगिरीचं. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत येत्या मार्चमध्ये आपल्याकडे संपते आहे. भाव उतरतील, मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'कुठलं घेऊ?' सुरू होईल. तसं करू नका. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होते. पित्ताशयाचा किंवा स्वादुपिंडाचा त्रास होऊ शकतो. चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि साठीनंतर ते परवडत नाही. इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम उतरू शकते. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं.

मघाशी एका काकूंनी विचारलं, यानं विसरभोळेपणा थांबतो का हो? माझ्या आईचीही स्मृती चालली आहे, म्हणून मीही या बातमीकडे डोळे लावून बसलो होतो. जीएलपी-1ची कुलपं मेंदूच्या स्मरणाच्या भागातही आहेत, त्यामुळे आशा होती. अल्झायमर सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या सुमारे 3,800 जणांवर दोन चाचण्या झाल्या. नोव्हेंबर 2025 मध्ये निकाल आला, आजाराची गती कमी झाली नाही. कुलूप दिसलं म्हणून दार उघडतंच असं नाही. तेव्हा स्मृतीसाठी कुणी हे इंजेक्शन विकायला आलं, तर पैसे खर्चू नका.

मंडळी, पंचवीस वर्षं तुम्ही एकाच जिन्याने ये-जा करता आहात. जिन्यात कुणी धापा टाकताना दिसलं तर 'किती सुटलास रे' म्हणू नका. 'चल, सोबत फिरायला जाऊ' म्हणा. दोन्हीला वेळ सारखाच लागतो.

संस्थेला रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा. तिसरा पेढा घरी नेतो.