तळ्याकाठची भिंत
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण जेमतेम सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. पण आपल्या गावच्या तळ्याकाठची भिंत चित्रांनी सजवायचे मंडळाने ठरवले आहे, त्याबद्दल मनात आले ते चार शब्दांत सांगते. चुकले तर सांभाळून घ्यावे.

मागच्या सभेत एक सूचना आली, की घाटावर धुणे धुणाऱ्या बायांना दुसरीकडे बसायला सांगावे. रंगवलेल्या भिंतीपुढे वाळत घातलेली धुणी बरी दिसणार नाहीत. तेव्हा मीही मान डोलावली होती. घरी गेल्यावर मला मुंबईचे ससून डॉक आठवले आणि माझी मलाच लाज वाटली.

कुलाब्याचे हे डॉक १८७५ साली बांधले गेले. पूर्वी तेथे कापसाचा व्यापार चाले. आज तो मासळीचा मोठा बाजार आहे. पहाटे बोटी लागतात, लिलाव होतो, आणि बाया तासन् तास बसून कोळंबी सोलतात. २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात स्टार्ट इंडिया या संस्थेने तेथील जुन्या गोदामात कलाप्रदर्शन भरवले होते. तिकीट नव्हते. मी तेव्हा मुंबईला बहिणीकडे गेले होते, म्हणून आम्ही दोघी पाहायला गेलो.

आत शिरताच मी पदर नाकाला लावला. कोळंबी सोलणारी एक वयस्क बाई हसून म्हणाली, "बाय, पदर काढ. वासानं कोन मरत नाय." मी ओशाळले.

पुढे पाहते तो भिंतीवर तिच्यासारख्याच कोळी बायापुरुषांचे काळे-पांढरे मोठमोठे फोटो! जेआर नावाच्या फ्रेंच कलावंताच्या 'इनसाइड आउट' उपक्रमातले ते काम होते. एरवी एवढे मोठे चेहरे पुढाऱ्यांचेच लागतात. येथे ते रोज पाटी उचलणाऱ्यांचे होते. आत एका दालनात सिंगापूरच्या तान झी शी या कलावतीने प्लॅस्टिकचा कचरा डोक्यावर असा टांगला होता, की आपण समुद्राच्या तळाशी उभ्या आहोत असे वाटावे. तेव्हापासून बाजारात जाताना मी कापडी पिशवी विसरत नाही.

पण मला खरे भावले ते निराळेच. चित्रांसाठी मासळीबाजार कोणी हलवला नव्हता. बर्फ, टोपल्या, हातगाड्या, सारे चालूच होते. ज्यांनी कधी तेथे पाऊल टाकले नसते अशी माझ्यासारखी माणसे तेथे आली, आणि रोज मासळी खाताना ज्यांची आठवण होत नाही त्यांचे चेहरे पाहून गेली. पुढे २०२२ च्या डिसेंबरात त्याच डॉकात पुन्हा असा कलामहोत्सव सुरू झाला.

म्हणून माझी एकच विनंती आहे. रंगाचे डबे आणण्यापूर्वी आपण त्या धुणे धुणाऱ्या बायांना भेटू. काय काढावे, कोठे काढावे, धुणे वाळायला जागा किती सोडावी, हे त्यांना विचारू. त्यांच्या मुलींच्या हातीही ब्रश देऊ. दारापुढे रांगोळी घालताना आपण घरच्या माणसांना बाहेर काढतो का? भिंतीवर मोर काढला आणि शेजारी लुगडे वाळत असले, तर मोराचे काही बिघडणार नाही.

मागच्या सभेत दिलेली माझी संमती मी आज मागे घेते, आणि आपलीही रजा घेते.