जंबोची झीज आणि माणसाची झीज

(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२२ एप्रिल २०२४ रोजी ‘आग्रा’ नावाचे एक जंबो विमान मुंबईहून अमेरिकेकडे निघाले. आत प्रवासी नव्हते. उड्डाण होताच वैमानिकाने पंख झुकवून शहराचा निरोप घेतला. ‘आग्रा’, ‘अजिंठा’, ‘खजुराहो’ आणि ‘वेल्हा गोवा’ ही एअर इंडियाची उरलेली चार बोइंग ७४७ विमाने एका अमेरिकन कंपनीने विकत घेतली होती. त्यांचे भवितव्य दोनच प्रकारचे होते: मालवाहू विमानात रूपांतर, नाहीतर सुट्या भागांसाठी विच्छेदन. वृत्तपत्रांनी ‘आकाशाच्या राणी’वर हळवे लेख लिहिले. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने त्या हळवेपणात भर घालण्याचे कारण नाही. या राणीच्या निवृत्तीचा खर्च कोणी सोसला, एवढाच प्रश्न मला आज आपल्यापुढे ठेवायचा आहे.

एअर इंडियाचे पहिले जंबो एप्रिल १९७१ मध्ये मुंबईत उतरले. त्याचे नाव ‘सम्राट अशोक’. पुढच्यांना ‘शहाजहान’, ‘राजेंद्र चोल’ अशी नावे मिळाली. खिडक्यांभोवती राजवाड्याच्या झरोक्यांची नक्षी रंगविली होती. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. विमान डोक्यावरून गेले की आम्ही खेळ थांबवून वर पाहत असू. परंतु हा राजवाडा केवळ राजांसाठी नव्हता. एका विमानात तीनशेहून अधिक माणसे बसू लागल्यामुळे दर आसनामागचा खर्च उतरला आणि सामान्य माणूस समुद्र ओलांडू लागला. १ जानेवारी १९७८ रोजी ‘सम्राट अशोक’ वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळून २१३ माणसे मेली. ते विमान दुबईला निघाले होते. पोटासाठी आखातात जाणाऱ्या कामगारांच्या वाटेवरच सम्राटाचा अंत झाला, हे विसरू नये.

मग हे विमान बाद का झाले? ते उडेनासे झाले म्हणून नव्हे. दोन इंजिनांच्या विमानाने वाटेतल्या विमानतळापासून साठ मिनिटांपेक्षा अधिक दूर जाऊ नये, असा पूर्वी नियम होता. त्यामुळे महासागर ओलांडण्यासाठी तीन किंवा चार इंजिनांची विमाने सोयीची ठरत. १९८५ साली ही मर्यादा एकशेवीस मिनिटांपर्यंत शिथिल झाली. १९९५ मध्ये दोन इंजिनांचे बोइंग ७७७ सेवेत आले. जवळजवळ तितकीच माणसे दोन इंजिनांवर नेता येत असतील, तर चार इंजिनांचे इंधन आणि देखभाल कोण सोसणार? २०२० साली महासाथीने रिकाम्या आसनांचा हिशेब समोर मांडला. त्याच वर्षी ब्रिटिश एअरवेजने आपली ३१ जंबो विमाने एकदम निवृत्त केली आणि क्वांटासनेही जंबोला निरोप दिला. १,५७४ वे आणि शेवटचे जंबो जानेवारी २०२३ मध्ये एका मालवाहू कंपनीच्या स्वाधीन झाले.

कार्ल मार्क्सने ‘भांडवल’ ग्रंथाच्या पहिल्या खंडात, १८६७ साली, यंत्राच्या झिजेचे दोन प्रकार सांगितले. एक झीज वापराने होते. दुसरी, अधिक चांगले किंवा अधिक स्वस्त यंत्र बाजारात आले की होते. यंत्र धडधाकट असते, पण त्याचे मूल्य जाते. तिला त्याने नैतिक झीज म्हटले. जंबोची झीज या दुसऱ्या प्रकारची आहे. तिच्याबद्दल अश्रू ढाळणे हे समाजवाद्याचे काम नव्हे. कमी इंधनात अधिक माणसे नेणारे यंत्र आले, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे.

भांडवलशाहीने या झिजेची तरतूद मात्र चोख करून ठेवली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या परिशिष्टात विमानाचे उपयुक्त आयुष्य वीस वर्षे धरले आहे. दरवर्षी तेवढा घसारा नफ्यातून वजा होतो. यंत्र म्हातारे होणार, हे हिशेबनिसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. त्या यंत्राखाली आडवे झोपून बोल्ट आवळणाऱ्या माणसाचीही झीज होते. त्याचे कौशल्य एका विशिष्ट विमानाशी जडलेले असते. विमान गेले की तेही बाजारात उतरते. त्या घसाऱ्याचे खाते कोणत्या ताळेबंदात आहे?

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया खाजगी मालकीत गेली. अठरा हजार कोटींच्या बोलीपैकी २,७०० कोटी रोख होते; बाकीचे १५,३०० कोटी म्हणजे नव्या मालकाने पत्करलेले कर्ज. उरलेले शेहेचाळीस हजार कोटींहून अधिक कर्ज सरकारी कंपनीकडे, म्हणजे तुमच्या-माझ्याकडे राहिले. कामगारांना नोकरीची हमी मिळाली एक वर्षाची. यंत्राला वीस वर्षे आणि माणसाला एक! मुंबईत कालिन्याच्या वसाहतीतील कुटुंबांना घरे रिकामी करण्यास सांगण्यात आले आणि त्यांच्या संघटनांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

येथे आपणही आपली चूक कबूल केली पाहिजे. २००५-०६ साली ६८ बोइंग विमानांची मागणी नोंदविली गेली, २००७ मध्ये दोन सरकारी विमान कंपन्यांचे विलीनीकरण झाले आणि कर्जाचा डोंगर वाढत गेला. सार्वजनिक क्षेत्र म्हणजे मंत्रालयाची जहागीर, असा कारभार चालला असता आपण केवळ ‘खाजगीकरण नको’ एवढीच घोषणा देत राहिलो. व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाची मागणी आपण ठरावांत मांडली, पण लढ्यात उतरविली नाही.

आता मोडीची गोष्ट. जुनी विमाने अमेरिकेतील मोहावेच्या वाळवंटात, स्पेनमधील तेरुएल येथे किंवा इंग्लंडमधील केंबल येथे नेऊन उभी करतात. इंजिने, चाकांचे सांगाडे, उपकरणे हे मोलाचे भाग आधी निघतात; उरलेले ॲल्युमिनियम वितळवितात. काढलेला भाग पुन्हा दुसऱ्या विमानात बसवायचा, तर तो कोठून आला, किती तास उडाला आणि कोणी तपासला याचा कागद लागतो. कागद नसलेला भाग भंगाराच्या भावाने जातो.

याउलट जहाज मोडायचे झाले की ते गुजरातेतील अलंगच्या किनाऱ्यावर येते, कारण तेथे प्रामुख्याने पोलादाला आणि स्वस्त हातांना किंमत आहे. आमच्या मुंबईतही दारूखान्यात जहाजे मोडली गेली. पुष्कळ वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन मी तेथे गेलो होतो. एका मजुराला विचारले, किती वर्षे हे काम करता? त्याने बोटांवर मोजून एकोणीस सांगितली. नोकरीचा काही कागद आहे का, असे विचारले तेव्हा तो नुसता हसला. विमानाच्या इंजिनाला जन्मापासूनचा इतिहास असतो. या माणसाला हजेरीपटावर नावही नव्हते.

म्हणून मित्रहो, आपला आग्रह तीन गोष्टींसाठी असावा. सार्वजनिक उद्योग विकला जाईल तेव्हा आलेल्या किमतीतून प्रथम कामगारांच्या पुनर्शिक्षणाचा आणि पुनर्वसनाचा निधी बाजूला काढला जावा. निवृत्तांचे वैद्यकीय साहाय्य आणि नोकरीत असलेल्यांची घरे हा विक्रीच्या कराराचाच भाग असावा, नंतरच्या मेहरबानीचा नव्हे. आणि मोडीच्या धंद्यातील प्रत्येक मजुराची नोंद व्हावी. जहाजमोडणीचा कायदा आपल्याकडे २०१९ मध्ये झाला. हाँगकाँगचा आंतरराष्ट्रीय करार २६ जून २०२५ पासून अंमलात आला. कायदा छापला म्हणजे अंमलात आला असे नव्हे. हजेरीपट उघडून नावे मोजण्याचे काम कार्यकर्त्यांनाच करावे लागेल.

जंबो गेले, उद्या ७७७ ही जाईल. यंत्रांनी जुने व्हावे, नव्यांनी यावे. ज्या समाजाला यंत्राचा घसारा बिनचूक मोजता येतो, त्याला माणसाचा मोजता येत नाही असे मी मानत नाही. त्याला तो मोजायचा नाही. तो मोजायला लावणे हे आपले काम आहे.