मुलांच्या ग्रंथालयाची देखरेख

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेंतील पुष्कळ सार्वजनिक ग्रंथालयांत लहान मुलाला प्रवेश नसे. बारा किंवा चौदा वर्षांची अट असे, आणि त्याहून लहान मूल दारांत आलें तर तें तसेंच परत पाठविलें जाई. ग्रंथ हें प्रौढांचें धन, आणि मूल म्हटलें म्हणजे मळके हात, आरडाओरडा व फाटलेलीं पानें, अशी त्या काळची समजूत होती. ती सर्वस्वीं खोटी होती असेंहि म्हणतां येत नाहीं. मुलांचे हात मळके असतातच. प्रश्न एवढाच होता, कीं हात धुवावयास लावून पुस्तक द्यावें, कीं हात मळका म्हणून दार लावावें.

या प्रश्नाचें उत्तर ज्यांनीं हयातभर आपल्या कामानें दिलें, त्यांत न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयांतील अ‍ॅन कॅरोल मूर यांचें नांव प्रथम घ्यावें लागतें. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनीं १९१० सालीं अमेरिकेंतून विल्यम बोर्डन यांना बडोद्यास आणवून तेथील ग्रंथालयांची घडी बसविली, हें मराठी वाचकांना ठाऊक आहे. बोर्डन ज्या देशांतून आले, त्या देशांतील त्याच काळची ही हकीकत आहे.

मूरबाईंचा जन्म १८७१ सालीं मेन संस्थानांतील लिमरिक या गांवीं झाला. वडील वकील होते, आणि त्यांच्या हाताखालीं कायद्याचा अभ्यास करावा अशी मुलीची इच्छा होती. परंतु १८९२ सालीं आई व वडील दोघेहि थोड्या दिवसांच्या अंतरानें वारले आणि तो बेत तेथेंच राहिला. पुढें ब्रुकलिनमधील प्रॅट इन्स्टिट्यूटमध्यें त्यांनीं ग्रंथालयाचें शिक्षण घेतलें, १८९६ पासून तेथीलच मुलांच्या खोलीचें काम दहा वर्षें पाहिलें, आणि १९०६ सालीं न्यूयॉर्क ग्रंथालयाच्या बालविभागाच्या त्या अधीक्षक झाल्या. कार्नेगी यांनीं १९०१ सालीं दिलेल्या ५२ लक्ष डॉलरांच्या देणगींतून शहरांत शाखांमागून शाखा उघडत होत्या, आणि त्या शाखांतील मुलांच्या खोल्यांचा भार या एका बाईंवर आला.

देखरेख म्हटली म्हणजे किल्ल्यांचा जुडगा आणि हजेरीचें बुक डोळ्यांपुढें येतें. मूरबाईंनीं किल्ल्यांपासूनच आरंभ केला, पण उलट दिशेनें. कुलुपबंद कपाटें जाऊन मुलाच्या हाताला लागतील अशा उघड्या फळ्या आल्या. ‘शांतता राखा’ अशा पाट्या उतरविण्यांत आल्या आणि त्यांच्या जागीं पुस्तकांतील चित्रें चौकटी करून लावलीं गेलीं. मुलांकडून पूर्ण शांततेची अपेक्षा करूं नये, अशी सूचना सहायक बाईंना देण्यांत आली. शाळेंत आयुष्य घालविलेल्या कोणाहि माणसाला ही सूचना प्रथम धाडसाची वाटेल. परंतु मूल पुस्तकांत गुंतलें म्हणजे शांतता आपोआप येते, आणि गुंतलेलें नसेल तर पाटी वाचून ती येत नाहीं.

वयाची अट गेली, तरी एक अट राहिली. मुलाला आपलें नांव लिहितां आलें पाहिजे. मोठें वहीसारखें एक पुस्तक ठेवलेलें असे. त्यांत सही करण्यापूर्वीं ग्रंथालयांत व घरीं पुस्तकें नीट वापरीन आणि नियम पाळीन, असें वचन मुलाला द्यावें लागे. त्या वेळच्या न्यूयॉर्कमध्यें इटली, रशिया व इतर देशांतून आलेल्या कुटुंबांची दाटी होती. कित्येक घरांत आईबापांना इंग्रजी लिहितां येत नसे, आणि अशा घरांतील सहासात वर्षांचें मूल टांचा उंचावून शहराच्या एका मोठ्या संस्थेच्या वहींत आपलें नांव उमटवीत असे. तें नांव लिहून झाल्यावर पुस्तक त्याच्या विश्वासावर घरीं जाई. या कुटुंबांच्या भाषांतील पुस्तकेंहि मुलांच्या खोल्यांत ठेवलेलीं असत. १९१३ च्या सुमारास शाखांतून घरीं नेल्या जाणाऱ्या पुस्तकांपैकीं एक तृतीयांश पुस्तकें मुलांचीं होतीं.

खोली सजविणें सोपें. ती चालविणारीं माणसें तयार करणें अवघड. मूरबाईंनीं आपल्या सहायकांपुढें चार गोष्टींचा आदर ठेवला होता: मुलांचा, मुलांच्या पुस्तकांचा, सहकाऱ्यांचा, आणि आपल्या व्यवसायाच्या प्रतिष्ठेचा. यांतील चौथी गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. मुलांचें काम म्हणजे ज्याला दुसरें कांहीं जमत नाहीं त्याचें काम, असा समज ग्रंथालयांत काय आणि शाळांत काय, सगळीकडेच आढळतो. मूरबाईंच्या विभागांत नवीं पुस्तकें सहायकांनीं स्वतः वाचावयाचीं, बैठकींत त्यांवर मत द्यावयाचें, आणि कथा सांगण्याची कला शिकावयाची असा परिपाठ होता. कथेच्या वेळीं मेणबत्ती लावीत, आणि कथा संपल्यावर मुलांनीं मनांत इच्छा धरून ती विझवावयाची असे. बाई स्वतः निकोलस नांवाची एक लांकडी बाहुली जवळ बाळगीत आणि लाजऱ्या मुलाशीं प्रथम तिच्यामार्फत बोलत. बरोबरीच्या कांहीं मोठ्या माणसांना या बाहुलीचा कंटाळा येई, असेंहि सांगतात.

मुलांच्या खोलींत न मावणाऱ्या वाढत्या वयाच्या मुलामुलींसाठीं निराळी व्यवस्था पुढें झाली. १९१९ पासून मेबल विल्यम्स यांनीं शाळांशीं संबंध जोडला, आणि १९४१ सालीं केवळ मुलें व तरुण यांच्यासाठीं नेथन स्ट्रॉस शाखा उघडली. तो एक स्वतंत्र विषय आहे.

इतक्या शाखांसाठीं एक व्यक्ति पुस्तकें निवडूं लागली म्हणजे तिच्या मताला बाजारांतहि वजन येतें. मूरबाई १९१८ पासून मासिकांत आणि पुढें वर्तमानपत्रांत बालवाङ्मयाचीं परीक्षणें लिहीत असत. अमेरिकेंत बालवाङ्मयाला टीकाकाराच्या पंक्तीस त्यांनीं बसविलें, हें त्यांचें ऋण मोठें आहे. परंतु त्यांची आवड ठरलेली होती. परीकथा, लोककथा, अद्भुत आणि सुंदर भाषा हेंच मुलांचें खरें अन्न, असें त्यांचें मत होतें. ल्यूसी स्प्रेग मिचेल यांनीं १९२१ सालीं दुसरा विचार मांडला. लहान मुलाला त्याच्या डोळ्यांपुढील जगच, म्हणजे रस्ता, गाडी, स्वतःची खोली हेंच प्रथम गोष्टीसारखें वाटतें, असें त्या म्हणत. मूरबाईंना हें रुचलें नाहीं.

१९४१ सालीं सत्तराव्या वर्षीं त्या निवृत्त झाल्या, पण बैठकींना येत राहिल्या. ज्यांनीं चाळीसचाळीस वर्षें एखादी संस्था वाढविली आहे त्यांना तिचा उंबरठा सोडवत नाहीं, हें कोणालाहि समजण्यासारखें आहे. मागून येणाऱ्याची मात्र त्यानें कुचंबणा होते. १९४५ सालीं ई. बी. व्हाइट यांचें ‘स्टुअर्ट लिटल’ हें पुस्तक निघावयाचें होतें. त्यांत माणसांच्या घरीं उंदरासारखा मुलगा जन्मतो. व्हाइट यांनीं मुलांसाठीं लिहावें असा आग्रह पूर्वीं खुद्द मूरबाईंनींच धरला होता. पण पुस्तक पाहतांच तें प्रसिद्ध करूं नये म्हणून त्यांनीं लांबलचक पत्र पाठविलें. पुस्तक निघालें आणि खपलें. दोन वर्षांनीं मार्गारेट वाइज ब्राउन यांचें ‘गुडनाइट मून’ निघालें. त्यांत सशाचें एक पिलूं झोपण्यापूर्वीं खोलींतील एकेका वस्तूचा निरोप घेतें, यापलीकडे कांहीं घडत नाहीं. मूरबाईंना तें आवडलें नाहीं, आणि न्यूयॉर्क ग्रंथालयानें तें घेतलें नाहीं. एखादें पुस्तक न आवडणें हा प्रत्येक वाचकाचा हक्क आहे. परंतु देखरेख करणाऱ्याची नावड हजारों मुलांच्या फळीवरील जागा रिकामी ठेवते, आणि तेथें काय नव्हतें हें त्या मुलांना कधीं कळतहि नाहीं.

ही उणीव भरून काढणारीं माणसें मात्र त्याच विभागांत तयार झालीं. पोर्टो रिकोहून आलेल्या पुरा बेल्प्रे १९२१ सालीं १३५ व्या रस्त्यावरील शाखेंत लागल्या. आजीच्या तोंडून ऐकलेली एकहि गोष्ट फळीवर नाहीं, हें त्यांच्या लक्षांत आलें. कथा छापील पुस्तकांतीलच सांगावी असा दंडक होता. बेल्प्रे यांना त्यांतून सूट मिळाली, आणि मार्तिना नांवाची झुरळीण व पेरेझ उंदीर यांची कथा त्या स्पॅनिश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत सांगूं लागल्या. १९३२ सालीं ती छापून निघाली.

त्याच शाखेंत १९३७ सालीं ऑगस्टा बेकर आल्या. तेथें येणारीं बहुतेक मुलें कृष्णवर्णीय, आणि पुस्तकांतील कृष्णवर्णीय माणसें एकतर गडीमाणसें नाहींतर विदूषक. बेकरबाईंनीं १९३९ पासून निराळा संग्रह करण्यास आरंभ केला. भाषा, विषय आणि चित्रें या तिन्ही कसोट्यांवर त्या पुस्तक पारखीत. पुस्तकें नाहींत हें दिसतांच त्यांनीं प्रकाशकांकडे व लेखकांकडे मागणी सुरू केली, आणि १९४६ सालीं अशा पुस्तकांची यादी प्रसिद्ध झाली. निवड करणें म्हणजे नको तें वगळणें एवढेंच नव्हे, तर जें अजून लिहिलेंच गेलें नाहीं तें मागणेंहि होय, हें त्यांच्या कामांत दिसतें.

१९६१ सालच्या जानेवारींत मूरबाई वारल्या. त्याच वर्षीं बेकरबाई सर्व शाखांतील बालविभागांच्या प्रमुख झाल्या. त्या ग्रंथालयांत इतक्या अधिकारावर चढलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ति होत. १९७४ पर्यंत त्या त्या जागीं होत्या. त्यांच्या कारकीर्दींत, १९७२ सालीं, ‘गुडनाइट मून’ फळीवर आलें. तें ऐकत झोपीं गेलेलीं पहिलीं मुलें तोंवर स्वतः आईबाप झालीं होतीं.

२०२० सालीं या ग्रंथालयानें आपल्या सव्वाशे वर्षांत सर्वांत अधिक वेळां नेल्या गेलेल्या दहा पुस्तकांची यादी काढली. पहिलें आलें तें एझ्रा जॅक कीट्स यांचें १९६२ सालचें ‘द स्नोई डे’. बर्फांत खेळणाऱ्या पीटर नांवाच्या कृष्णवर्णीय मुलाचें हें पुस्तक ४,८५,५८३ वेळां घरीं नेलें गेलें होतें. ‘गुडनाइट मून’ त्या दहांत नाहीं. यादीच्या शेवटीं त्याचा वेगळा उल्लेख आहे, आणि तें इतकीं वर्षें फळीवर कां नव्हतें याचें कारण मूरबाईंच्या नांवानिशीं तेथें दिलें आहे.