मला कुठली गोळी होती?



अध्यक्षीय भाषणात वर्षभरातल्या संशोधनाचा आढावा घ्यायचा प्रघात आहे आणि तो मी लिहून आणलाही आहे. पण एक गोष्ट कित्येक वर्षं घशाशी अडकली आहे. आज ती बोलतो. आढाव्याला वेळ उरला तर पाहू.

2011 साली अंबरनाथ पूर्वेच्या माझ्या एका पेशंटला मी मुंबईत नैराश्यावरच्या औषधाच्या चाचणीसाठी पाठवलं. आपण त्यांना मावशी म्हणू. घरी बसून जीन्सचे धागे कापायच्या, नगावर पैसे. वर्षभर कशात जीव लागत नव्हता. आठ आठवड्यांची चाचणी, सहा खेपा. निम्म्यांना औषध, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी साखरेची गोळी. कुणाला काय, हे डॉक्टरलाही ठाऊक नाही. नैराश्यात नुसत्या आशेनं आणि कुणीतरी दर आठवड्याला विचारपूस केल्यानंही माणसाला बरं वाटतं, म्हणून औषधाचा खरा गुण असाच तपासावा लागतो. हे मी त्यांना समजावलं. त्यांना ते चटकन पटलं.

पहिल्या खेपेला मी सोबत होतो. नैराश्य मोजायची हॅमिल्टनची 1960 सालची प्रश्नावली काढून एका तरुण सहायकानं विचारलं, ‘रात्री मध्येच जाग येते?’ मावशी म्हणाल्या, ‘येते ना. तीनला पाणी येतं.’ सहायकानं मान डोलावली आणि मधल्या निद्रानाशाचे दोन गुण मांडले. मी बोललो तेव्हा ते खोडले गेले. मी तिथे नसतो तर? मोजपट्ट्यांवर आपल्यात दर वर्षी वाद होतो, मराठी भाषांतर शास्त्रशुद्ध आहे की नाही यावर. भाषांतर शुद्धच होतं, मित्रहो. विचारणाऱ्याला चाळीतला नळ ठाऊक नव्हता.

चाचणी संपली. मावशी सुधारल्या, धाग्यांचे गठ्ठे पुन्हा घरी येऊ लागले. तीनेक महिन्यांनी त्यांनी विचारलं, ‘डॉक्टर, मला कुठली गोळी होती? खरी की साखरेची?’

मी मुंबईला पत्र लिहिलं. उत्तर नाही. फोन केला तर म्हणाले, यादी कंपनीकडे असते. त्या चाचणीचा निबंध आजतागायत माझ्या पाहण्यात आलेला नाही. आणि मावशी आजही भेटल्या की तेच विचारतात.

सकाळच्या सत्रात एक सहकारी म्हणाले, आपल्याकडचे लोक भाड्याच्या पैशांसाठी चाचणीला येतात आणि मध्येच गळतात. पैशांचं म्हणाल तर मावशींना दर खेपेचे शंभर रुपये मिळत आणि धाग्यांचा पूर्ण दिवस बुडे. हिशेब तुम्हीच करा. मी त्यांना विचारलं होतं, का जाता? त्या म्हणाल्या, ‘माझ्या बहिणीला हेच झालं होतं. तिला भगताकडे नेलं. माझ्यावर करून बघा, दुसऱ्या कुणाच्या बहिणीला उपयोगी पडेल.’ आणि गळतीचं म्हणाल तर अकराच्या अपॉइंटमेंटसाठी अंबरनाथहून आठच्या गर्दीत जीव मुठीत धरून चढावं लागतं. एखाद्या पावसाळ्यात रुळांवर पाणी आलं की तिकडच्या वहीत ‘पेशंट फिरकला नाही’ अशी नोंद होते.

दुसरा वाद, उदास माणूस संमती देऊ शकतो का? कायद्यानं तो मिटवला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 प्रत्येक माणूस निर्णयक्षम आहे असं धरूनच चालतो आणि संशोधनासाठी स्वतंत्र, समजून दिलेली संमती मागतो. माझा अनुभव निराळंच सांगतो. उल्हासनगर कॅम्प दोनमधले एक सिंधी आजोबा, फाळणीत आलेले, शाळा सिंधमध्ये झालेली, अरबी वळणाची सिंधी वाचणारे. त्यांच्यासमोर देवनागरीतलं सिंधी संमतीपत्र ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, बोट ओळीवर ठेवलं आणि उजवीकडून डावीकडे नेलं. दोन्ही पानं तशीच. मग सही केली, तीही उजवीकडून. मी म्हटलं, ‘साईं, कळलं का सगळं?’ ते म्हणाले, ‘तुम्ही आहात ना.’ साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे. त्यांच्या मनाच्या क्षमतेत काडीचा दोष नव्हता. कागद आम्ही चुकीचा आणला होता.

चाचण्यांना माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं होती, महाराष्ट्र नव्हता. नैराश्याच्या शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी जणांना उपचार मिळत नाहीत, हा आकडा आपण परक्या अंगणातून उसना आणतो. आपली माणसं पुढे यायलाच हवीत. गोव्यात 450 पेशंटांच्या चाचणीत 2003 साली दिसलं की गोळी साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली, पण समुपदेशन ठरलं नाही. त्या कडू निकालानंतर तिथल्या मंडळींनी समुपदेशनाची पद्धतच नव्यानं बांधली. पुढे 495 जणांच्या चाचणीत डॉक्टर नसलेल्या, गावातल्याच समुपदेशकांनी सहा-आठ बैठका घेतल्या. त्यांच्या गटातले 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले, नेहमीच्या उपचारांच्या गटातले 39 टक्के. 2016 च्या अखेरीस ‘लॅन्सेट’नं ते छापलं. या जवळजवळ साडेनऊशे माणसांनी आपल्या हातात काय दिलं आहे बघा!

पण ज्यांनी दिलं त्यांना सांगायचं कुणी? वैद्यकीय संशोधनाच्या नीतीविषयीच्या हेलसिंकी जाहीरनाम्यानं 2008 मध्येच म्हटलं की सहभागी पेशंटला निकाल कळण्याचा हक्क आहे. आपल्याकडे 2009 पासून चाचण्यांची नोंदणी सक्तीची झाली, 2019 च्या नियमांनी नुकसानभरपाई पक्की केली. चांगलंच झालं. पण ती नोंदणी इंग्रजीत आहे आणि मावशींना इंग्रजी येत नाही. माणसाकडून रक्त घेता, झोप विचारता, मरावंसं वाटतं का हेही विचारता, आणि दोन ओळींचं पोस्टकार्ड टाकायला तुम्हाला सवड नाही? मला याचा राग येतो. वय झालं तरी तो कमी होत नाही.

एक छोटी समिती नेमावी असं सुचवतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या तिन्ही गावांतून कुणालाही चाचणीला पाठवण्याआधी निकाल मराठीत किंवा सिंधीत, दोन्ही लिप्यांत, कळवण्याची लेखी हमी मागायची. न देणाऱ्यांकडे पेशंट पाठवायचा नाही. खर्च, मसुदा, माणसं, हे सगळं बसून ठरवू. जेवणाच्या सुट्टीत नावं द्या.

आढावा राहिला, तो छापून पाठवतो. गेल्या महिन्यात मी मुंबईला पुन्हा पत्र टाकलं आहे, या वेळी पोचपावतीसह. पावती आली. मंगळवारी मावशींची तपासणीची तारीख आहे.