आपलें मोल कोणीं ठरवावें?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



आपल्या धर्मग्रामास आज पन्नास वर्षें पुरीं झालीं. देवाचे आभार मानण्याचा हा दिवस आहे. परंतु ज्यांच्या घरीं आज आनंद नाहीं त्यांची आठवण ठेवल्यावांचून हा उत्सव पुरा व्हावयाचा नाहीं. आपल्यांतील कोणाचा धंदा बुडाला असेल, कोणी कर्जाखालीं वांकला असेल, कोणा भगिनीवर अकालीं वैधव्य आलें असेल, कोणी व्यसनापायीं घरच्यांच्याच मनांतून उतरला असेल. अशा माणसाचें दुःख केवळ पैशाअडक्याचें नसतें. 'आतां मी कोणाच्याच उपयोगाचा नाहीं, मला कांहीं किंमत उरली नाहीं,' हा विचार त्यास आंतून पोखरीत असतो. अशा मनुष्यास आपली श्रद्धा काय देऊं शकते, हें मी एका संत स्त्रीच्या चरित्रावरून सांगणार आहें.

तिचें नांव संत जोसेफीन बखिता. सुदान देशाच्या दारफूर प्रांतांत सुमारें १८६९ सालीं तिचा जन्म झाला. घर खाऊनपिऊन सुखी होतें. ती लहान असतांना गुलामांचा व्यापार करणाऱ्या लोकांनीं तिला पळवून नेलें. त्या धसक्यानें ती बालिका स्वतःचें नांव विसरली. आईबापांनीं कोणत्या नांवानें हांक मारिली होती, तें तिला पुढें आठवलें नाहीं. 'बखिता' हें नांव तिला चोरांनीं दिलें. अरबी भाषेंत त्याचा अर्थ 'भाग्यवती' असा होतो!

या भाग्यवतीची विक्री एल-ओबेद आणि खार्टूम येथील बाजारांत पुनःपुन्हां झाली. एका तुर्की अंमलदाराच्या घरीं तर तिच्या अंगावर वस्तऱ्यानें नक्षी कोरण्यांत आली, आणि व्रण बुजूं नयेत म्हणून त्यांत मीठ चोळण्यांत आलें. शंभराहून अधिक व्रण तिनें अखेरपर्यंत अंगावर वागविले. बाजारांत जनावराची जशी किंमत होते तशी तिची झाली. घेणारा एक आंकडा सांगे, विकणारा दुसरा. आपलें मोल याहून कांहीं निराळें असेल, हें तिला सांगणारें कोणीच नव्हतें.

पुढें खार्टूम येथील इटलीच्या कॉन्सलनें तिला विकत घेतलें. त्याच्या घरीं तिला मारहाण झाली नाहीं. तो स्वदेशीं जाण्यास निघाला, तेव्हां मलाही बरोबर न्या, अशी तिनें विनवणी केली. आणि १८८५ सालीं ती इटलींत आली. तेथें ती एका कुटुंबांत मुलीची दाई म्हणून राहिली. त्या घरच्या बाईला परदेशीं जाणें प्राप्त झालें, तेव्हां तिनें मुलीला आणि बखितेला व्हेनिस शहरांतील कनोसा संघाच्या भगिनींपाशीं ठेविलें. याच संघाच्या भगिनी आपल्या मुंबईंतही शाळा चालवीत आल्या आहेत.

लहानपणीं सूर्य, चंद्र, तारे पाहून 'या सर्वांचा धनी कोण असेल?' असें बखितेच्या मनांत येई. त्या प्रश्नाचें उत्तर तिला या भगिनींच्या शिकवणींत सांपडलें. तिनें आजवर जे धनी पाहिले होते त्या सर्वांहून थोर असा एक धनी आहे. त्यानेंच तिला निर्माण केलें. तो तिला ओळखतो, तिच्यावर प्रीति करितो. इतकेंच नव्हे तर त्या धन्यानें स्वतःच्या पाठीवर चाबकाचे फटके सोसले आहेत. व्हेनिसच्या बोलींत धन्यास 'पारोन' म्हणतात. तोच शब्द ती देवासाठीं योजूं लागली. एके काळीं ज्या शब्दानें तिचा थरकांप होई, त्याच शब्दानें आतां तिला धीर येऊं लागला.

धनीण परत आली आणि बखितेस घेऊन जाऊं लागली. बखितेनें जाण्यास नम्रपणें, पण ठामपणें नकार दिला. प्रकरण व्हेनिसच्या पॅट्रिआर्कांकडे आणि सरकारी अधिकाऱ्यांकडे गेलें. २९ नोव्हेंबर १८८९ रोजीं निर्णय झाला: इटलींत गुलामगिरीस कायद्याचा आधार नाहीं, बखिता स्वतंत्र आहे. बंधुभगिनींनो, हा नकार लक्षांत ठेवा. पुष्कळांची अशी समजूत आहे, कीं ख्रिस्ती नम्रता म्हणजे मान खालीं घालून सर्व कांहीं सोसणें. परंतु लाचारी निराळी आणि नम्रता निराळी. आपण देवाचें लेंकरूं आहों, हें ज्यास कळलें तो कोणाचा द्वेष करीत नाहीं, आणि कोणाची मालमत्ता होऊनही राहत नाहीं.

९ जानेवारी १८९० रोजीं तिला स्नानसंस्कार, दृढीकरण आणि प्रथम ख्रिस्तप्रसाद असे तीनही संस्कार मिळाले. तिला जीं नांवें देण्यांत आलीं त्यांत जोसेफीन हें होतें, तसेंच 'फोर्तुनाता' हेंही होतें. त्याचाही अर्थ 'भाग्यवती' असाच आहे. चोरांनीं दिलेलें नांव ख्रिस्तसभेनें पुसून टाकिलें नाहीं. तें धुऊन, पवित्र करून तिला परत दिलें. देवाचें कार्य असेंच असतें.

८ डिसेंबर १८९६ रोजीं तिनें व्रतें घेतलीं. पुढें स्किओ गांवच्या मठांत तिनें स्वयंपाक केला, भरतकाम केलें, मंदिराची व्यवस्था पाहिली आणि दारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांचें स्वागत केलें. मला पळविणारे आज भेटले तर मी गुडघे टेकून त्यांच्या हातांचें चुंबन घेईन, असें ती म्हणे. कारण त्या वाटेनेंच ती ख्रिस्तापाशीं पोहोंचली होती. त्यांचें पाप यामुळें पुण्य ठरत नाहीं. पण त्या पापाची सत्ता आतां तिच्यावर उरली नव्हती.

तरीही तिच्या अखेरच्या आजारांत गुलामगिरीचे दिवस तिच्या डोळ्यांपुढें परत आले. साखळ्या जड होताहेत, जरा सैल करा, असें ती शुश्रूषा करणाऱ्या भगिनीस विनवी. यावरून आपण हें शिकावें, कीं श्रद्धा म्हणजे झालेल्या दुःखाचा विसर नव्हे. व्रण राहतात. ज्यांच्या मनांतील जुनी भीति अजून गेली नाहीं त्यांनीं, आपली श्रद्धा कमी पडली, असें समजून स्वतःस दोष देऊं नये. व्रण राहूनही मनुष्य आशेनें जगूं शकतो, कारण त्याचें मोल व्रण करणाऱ्यानें ठरविलेलें नसतें. ८ फेब्रुवारी १९४७ रोजीं ती देवाघरीं गेली. १ ऑक्टोबर २००० रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं तिला संत म्हणून घोषित केलें. आणि २००७ सालीं पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं आशेविषयीं परिपत्र लिहिलें, त्याच्या आरंभींच तिची कथा सांगितली. ज्या मुलीला स्वतःचें नांवही राहिलें नव्हतें, तिचें नांव आज जगभरच्या वेद्यांवर घेतलें जातें.

आतां आपल्याकडे वळूं. आपल्या मंदिरांत स्नानसंस्काराची नोंदवही आहे. तींत वाडीच्या मालकाचें नांव आहे आणि मजुराचेंही आहे. दोघांसाठीं ओळी सारख्याच आखलेल्या आहेत. किती मिळकत, किती कर्ज, असा रकाना त्या वहींत नाहीं. जो स्वतःस कवडीमोल समजतो त्यानें आपलें नांव त्या वहींत आहे, याचें स्मरण करावें. चिमणीचाही विसर न पडणारा पिता तें नांव विसरलेला नाहीं.

मात्र हें त्यास केवळ भाषणानें पटणार नाहीं. बखितेला देवाची प्रीति कळली, ती तिला दार उघडणाऱ्या माणसांमुळें. आपल्या घरीं धुणींभांडीं करणाऱ्या मुलीस आपण नांवानें हांक मारतों काय? तिचा पगार वेळेवर देतों काय? कर्जाच्या लाजेनें जो मिस्सेस येईनासा झाला, त्याच्या दारीं आपल्यापैकीं कोण गेला आहे? बखितेच्या स्मृतिदिनीं, ८ फेब्रुवारीस, माणसांच्या व्यापाराविरुद्ध प्रार्थना करण्याचा प्रघात २०१५ सालापासून ख्रिस्तसभेंत सुरू झाला आहे. तो दिवस आपण पाळावाच. पण बाकीच्या दिवशींही एकाद्या खचलेल्या माणसाशेजारीं बसावें, त्याचें ऐकावें, आणि धर्मग्रामाच्या कामांत त्याचा हात मागावा. आपला हात कोणास तरी हवा आहे, हें कळलें कीं मनुष्य पुन्हां उभा राहूं लागतो.

ज्या देवानें नांव हरवलेल्या बालिकेस शोधून काढिलें, तो आपल्यांतील प्रत्येक दुःखितास नांवानें हांक मारो. आणि ती हांक पोहोंचविण्यासाठीं आपल्या या धर्मग्रामाचा उपयोग करून घेवो, हीच त्या दयाळू पित्याच्या चरणीं प्रार्थना. आमेन.