त्या पोरींची नावं घ्या
(शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय ‘महायुद्धातील ज्यू स्त्रियांची दुःखे’. दुःख मी सांगणारच आहे. पण नुसतं दुःख सांगून खाली बसणार नाही. मेलेल्या बाईसाठी दोन आसवं गाळणं सोपं असतं. ती जिवंत असताना काय करत होती, हे विचारायला मात्र कुणाला सवड नसते.

अ‍ॅन फ्रँकची डायरी तुमच्यातल्या पुष्कळांनी वाचली असेल. दोन वर्षं अ‍ॅम्स्टरडॅममध्ये लपून राहिलेली पोर. १९४५ साली बेर्गन-बेल्सनच्या छावणीत मेली, तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिला विसरू नका. पण आज मी तिच्याहून थोड्या मोठ्या पोरींविषयी बोलणार आहे. पोलंडमधल्या. बहुतेक विशीतल्या. त्यांची नावं आपल्या कानांवर कधी आलीच नाहीत.

आधी व्यवस्था समजून घ्या. १९३५ साली जर्मनीत न्यूरेंबर्गचे कायदे झाले. ज्यू कोण? तर ज्याच्या चार आजी-आजोबांपैकी तीन ज्यू, तो ज्यू. मग तू देव मान नाहीतर नको मानू, किती शिक, काहीही कर. जन्म बघून माणसाचा निकाल लावायचा. यावर मी जास्त बोलत नाही. ही गोष्ट आपल्याला पुस्तकातून शिकावी लागत नाही.

१ सप्टेंबर १९३९ ला हिटलरचं सैन्य पोलंडमध्ये घुसलं. ज्यूंच्या दंडावर निळ्या ताऱ्याची पांढरी पट्टी आली. नोव्हेंबर १९४० मध्ये वॉर्सा शहरात घेट्टोची भिंत बंद झाली. आत चार लाखांवर माणसं. जागा साडेतीन चौरस किलोमीटरही नाही. १९४१ साली एका ज्यूच्या वाट्याला येणारं सरकारी रेशन दिवसाला दोनशे कॅलरीसुद्धा भरत नव्हतं. आणि परवानगीशिवाय घेट्टोबाहेर पाऊल टाकलं तर मरणाची शिक्षा. रेडिओ नाही. पुढच्या गावात आपल्या माणसांचं काय झालं, हे कळायची सोय नाही. जुलमी सत्तेला हेच पाहिजे असतं. प्रत्येकानं आपापल्या कोंडवाड्यात एकट्यानं मरावं.

हा कोंडवाडा कुणी फोडला? ज्यू युवक संघटनांतल्या पोरींनी.

पोरीच का, ते ऐका. ज्यू पुरुषाची सुंता झालेली असते. रस्त्यात अडवून पँट उतरवायला लावली की संपलं. बाईच्या अंगावर अशी खूण नाही. दुसरं कारण आणखी मजेशीर आहे. कर्मठ घरांत पोरांना धर्मशाळेत घालायचे, कारण धर्माचं ज्ञान फक्त पुरुषाला. पोरींची कुणाला पर्वा? त्यांना घाला साध्या सरकारी पोलिश शाळेत. त्यामुळे पोरांची पोलिश भाषा अडखळायची आणि पोरी मात्र पोलिश बायकांसारखी सफाईनं बोलायच्या. ज्यांना धर्माच्या दारातून हाकललं, त्याच पोरी सगळ्यांच्या कामाला आल्या.

दंडावरची पट्टी काढायची, गळ्यात क्रॉस घालायचा, खोट्या नावाचे कागद घ्यायचे आणि आगगाडीत बसायचं. चेहरा हसरा पाहिजे, कारण डोळ्यांतलं दुःख दिसलं तरी ज्यू म्हणून ओळखायचे. घरचे सगळे मारले गेलेत आणि तुम्हाला डब्यात बसून हसायचंय! स्टेशनावर गेस्टापो, रस्त्यावर पैशासाठी ज्यूंना हेरून पकडून देणारे दलाल. त्यातून या पोरी वर्तमानपत्रं, पैसे, कागदपत्रं, औषधं आणि पुढं पिस्तुलं गावोगाव पोचवत होत्या.

तोस्या आल्टमन. सोनेरी केसांची. युद्ध सुरू झालं तेव्हा ती विल्नाला निसटली होती. संघटनेनं सांगितलं, परत जा. ती जर्मनांच्या ताब्यातल्या वॉर्सात परत गेली. फ्रुम्का प्लोत्निच्का अशीच परत आली, झिव्हिया लुबेत्किन अशीच परत आली. सुटलेल्या होत्या, पण मागं राहिलेल्या माणसांसाठी पुन्हा आगीत शिरल्या.

१९४१ च्या उन्हाळ्यापासून विल्नाजवळच्या पोनार जंगलात ज्यूंना खड्ड्यांच्या काठावर उभं करून गोळ्या घालत होते. डिसेंबरात तोस्या तिथं पोचली. घेट्टोघेट्टोंतून या पोरींनी ती खबर नेली. जाणत्या म्हाताऱ्यांतल्या अनेकांनी विश्वास ठेवला नाही. तिकडं झालं असेल, इथं होणार नाही म्हणाले. तरुणांनी मात्र ओळखलं की हा दंगा नाही, ही योजना आहे. हत्यार उचलायचं ठरलं ते त्यातून.

एक फोटो आहे. १९४१ चा नाताळ, ग्रोद्नो गाव, गेस्टापोची मेजवानी. फोटोत तीन तरुण बायका आहेत. बेला हाझान, लोन्का कोझिब्रोद्स्का आणि तेमा श्नायडरमन. तिघीही ज्यू, तिघीही संघटनेच्या. बेला तर पोलिश बाई बनून गेस्टापोच्याच कचेरीत काम करत होती! तेमा जानेवारी १९४३ मध्ये वॉर्साच्या धरपकडीत सापडली, परत आली नाही. लोन्का पकडली गेली. तिला शोधायला गेलेली बेलाही पकडली गेली. दोघी ऑशविट्झमध्ये पोचल्या त्या पोलिश ख्रिश्चन म्हणून. १९४३ च्या मार्चमध्ये लोन्का तापानं मेली. मरताना स्वतःचं नावसुद्धा स्वतःजवळ नव्हतं. बेला जगली, म्हणून हे आपल्याला कळलं.

२२ जुलै १९४२ पासून दोन महिन्यांत वॉर्सातून सुमारे २ लाख ६५ हजार माणसं त्रेब्लिंकाला नेऊन विषारी वायूनं मारली. उरलेल्यांत लढणारी संघटना उभी राहिली. व्लाद्का नावाची एकविशीतली पोर त्रेब्लिंकाचा नकाशा बुटात लपवून बाहेर गेली आणि पुढं डायनामाइट घेऊन आत येत राहिली. १९ एप्रिल १९४३ ला घेट्टोनं बंड केलं. ते मोडणारा जनरल श्ट्रूप आपल्या अहवालात लिहितो की बायका कपड्यांच्या आत हातबॉम्ब लपवून शेवटच्या क्षणी फेकतात. हत्यारांसह पकडलेल्या बायकांचा फोटो त्यानं मोठ्या दिमाखात अहवालाला जोडलाय. शत्रूनं तरी नोंद केली!

तोस्या गटारातून बाहेर निघाली. पण लपलेल्या ठिकाणी आग लागली, ती भाजली आणि जर्मनांच्या हाती पडून मेली. फ्रुम्का ऑगस्टमध्ये बेंद्झिन गावात तळघरातून लढता लढता मेली.

आता ऑशविट्झ. तिथल्या युनियन कारखान्यात तोफगोळ्यांचे फ्यूज बनायचे. आला गेर्टनर, एस्तेर वाइत्सब्लुम, रेगिना साफिर्श्ताइन. या आणि इतर काही बायका तिथली स्फोटक पूड चोरायच्या. किती? चिमूट. चिंधीत बांधायची, कपड्यात लपवायची, झडती चुकवायची. उद्या पुन्हा चिमूट. ती पुढं जायची रोझा रोबोटाकडं. रोझाच्या घरच्यांना तिथंच वायूनं मारलं होतं. ती पूड प्रेतं जाळायला जुंपलेल्या ज्यू कैद्यांपर्यंत पोचवायची. ७ ऑक्टोबर १९४४ ला त्या कैद्यांनी बंड केलं. चार नंबरचं प्रेतं जाळण्याचं घर जाळलं, ते पुन्हा कधी चाललं नाही. तीन नाझी सैनिक मेले, साडेचारशे कैदी मारले गेले. मग चौकशी. रोझाचे हाल हाल केले. जिवंत माणसांपैकी एकाचंही नाव तिनं दिलं नाही. ६ जानेवारी १९४५ ला चौघींना फाशी दिली. दोघींना दिवसपाळीच्या बायकांसमोर, दोघींना रात्रपाळीच्या. एकवीस दिवसांनी लाल सेना छावणीत पोचली. रोझा तेवीस वर्षांची होती.

पण एक गोष्ट नीट ऐका. ज्यांनी पिस्तूल धरलं नाही त्या भित्र्या होत्या, असं मला म्हणायचं नाही. ऑशविट्झच्या फलाटावर जिच्या कडेवर लहान लेकरू, तिला सरळ वायूच्या कोठडीकडं पाठवायचे. ती तरुण होती, धडधाकट होती, तरीही. लेकरू टाकून ती पळाली नाही. तिला कुणी भित्री म्हणू नये. वॉर्साच्या घेट्टोत सेसिल्या स्लापाकोवा नावाची बाई १९४२ साली घरोघर जाऊन बायकांना विचारत होती, तुम्ही जगताय कशा? कुणी चोरून धान्य आणते, कुणी चार पैशांसाठी काहीबाही विकते. ते सगळं तिनं लिहून ठेवलं. तिला मारलं, पण इतिहासकार रिंगेलब्लुमच्या लोकांनी पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून पुरलेले कागद युद्धानंतर जमिनीतून निघाले.

या प्रवासी पोरींना हिब्रूत कशारियोत म्हणायचे. म्हणजे दुवा जोडणाऱ्या. पुढं पुस्तकांतून त्या झाल्या ‘निरोप नेणाऱ्या’. कमांडर पुरुष मोठ्या अक्षरात, पोरी तळटीपेत. निरोप नेणाऱ्या? अरे, त्या नसत्या तर निरोपच नसता, संघटनाच नसती! आणि मी हसतेय कुणाला? आपल्या सभेत सतरंज्या कोण घालतं, चहा कोण करतं, आणि माइक कुणाच्या हातात असतो, ते या मांडवात एकदा मान वळवून बघा.

त्यांना देव्या करू नका. देवीला हार घातला की काम संपतं. त्या तुमच्या-माझ्यासारख्या भुकेल्या, घाबरलेल्या पोरी होत्या. घाबरत घाबरत गाडीत बसल्या, घाबरत घाबरत चिमूटभर पूड उचलली. म्हणून त्यांची नावं घ्या. तोस्या. फ्रुम्का. लोन्का. तेमा. आला. एस्तेर. रेगिना. रोझा.

मोठ्यानं घ्या. लोन्काला तर स्वतःचं नाव घेऊन मरताही आलं नव्हतं.